चॉपस्टिकचा रंग निघतोय, शनिवारपर्यंत बारा जोड हवेत. मदत हवी आहे!

घाईची_बाई
घरी चॉपस्टिक केल्या. दिसायला झकास झाल्या होत्या, पण काल नूडल्स खाताना रंग सुटला. टोकाकडे लाकूड केसाळ झालंय, जिभेला खरखरीत लागतं. दोन जोड तर धनुष्यासारखे वाकलेत. शनिवारी बारा जोड द्यायचेत. वरून कसलं कोटिंग मारू म्हणजे रंग पक्का बसेल? 'विकत आणा' असं कृपया सांगू नका, तेवढं मलाही कळतं.

रंधेवाला
लाकूड कोणतं? रंग कोणता? आधी वर काय मारलंय? जाडी किती?

घाईची_बाई
लाकूड साधंच. रंगही साधाच. वर वार्निशचे दोन हात दिलेत. कोटिंगचं नाव सांगा ना, दुकान आठला बंद होतं.

रंधेवाला
'साधं' नावाचं झाड मी तरी पाहिलेलं नाही, ताई.

फणसगरा
वार्निश काढून टाका आणि सरळ लाख चढवा. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं, खेळणी वर्षानुवर्षं होतायत, पोरं तोंडात घालतात, कुणाला काही झालं नाही. चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) आणा, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, फडक्याच्या बोळ्यानं पाच-सहा हात द्या. काचेसारखी चकाकी येते. जपानी लोकसुद्धा लाखच लावतात.

निशीकासाईकर
शेवटचं वाक्य चूक आहे, म्हणून लॉगिन केलं. मी गेली काही वर्षं तोक्योत आहे. इथे लावतात ती उरुशी. तो एका झाडाचा चीक आहे. आपली लाख म्हणजे किड्यानं केलेली राळ. दोन्हींना इंग्रजीत एकाच नावानं हाक मारतात, त्यातून हा घोळ. उरुशीचं झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, आंबा आणि काजूही त्यातच. बिब्बा उतल्यावर जी खाज आणि फोड येतात तेच कच्च्या उरुशीनं होतं. पूर्ण धरली की मात्र निर्धोक, आणि उकळत्या मिसो सूपलाही दाद देत नाही. गंमत म्हणजे ती 'वाळत' नाही, दमट उबदार पेटीत ठेवून धरवावी लागते. कोरड्या हवेत चिकटच राहते.

घाईची_बाई
पुण्यात मिळते का?

निशीकासाईकर
मिळाली तरी नका आणू. पहिल्याच दिवशी हात सुजतील, आणि शनिवारपर्यंत एक थर धड होणार नाही.

बोटचेपा
खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवायची, ती हलवायची नाही. वरची पेन्सिलीसारखी धरायची, तेवढीच हलते. भिजवलेले शेंगदाणे उचलून आठवडाभर सराव केला की जमतं. मी चाळिशीत शिकलो.

घाईची_बाई
धरता येतं मला. विषय कोटिंगचा आहे.

रंधेवाला
फणसगरादादा, लाख खेळण्यावर उत्तम, चॉपस्टिकवर नाही. पॉलिशच्या टेबलावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं कडं उमटतं ना? ती लाखच. गरम सूपमध्ये ती मऊ पडते, पांढरी होते. तुमच्या चितारआळीतल्या लाकडी आंब्याला कोणी रस्स्यात बुडवत नाही.

फणसगरा
आमच्या घरी लाखेचा पोळपाट होता.

रंधेवाला
पोळपाटावर गार कणीक असते. असो. ताई, लाकूड?

घाईची_बाई
अहो, ह्यांच्या कारखान्यात मशीन आलं त्याचं खोकं होतं. पांढरट लाकूड, मधे मधे गाठी. ह्यांनी पट्ट्या करवतीनं कापून दिल्या, मी पॉलिश पेपरनं घासल्या. शेंड्यापासून टोकापर्यंत वारली काढली.

रंधेवाला
आता कुठे कथा सुरू झाली. खोक्यावर गव्हाच्या ओंबीसारखं चित्र असलेला शिक्का आहे का? त्यात 'एचटी' लिहिलंय की 'एमबी'? एचटी म्हणजे लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. तसलं तोंडात घालायच्या वस्तूला वापरू नका. शिक्काच नसेल तरी नको, आधी त्यात काय सांडलं होतं कुणास ठाऊक.

आणि वाकल्या का? काठीच्या कडेला बघा. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातात की तिरक्या बाहेर पडतात? गाठीजवळ रेषा वळतातच. तशी पट्टी पाणी प्यायली की पीळ घेते. वरून सोन्याचं कोटिंग मारलं तरी घेणार.

घाईची_बाई
शिक्का शोधते. पण रंगाचं काय?

कळकीचं_बन
लाकडाचा हट्ट कशाला? बांबू घ्या. आमच्याकडे कोकणात माणगा आहे, जवळजवळ भरीव. कोयत्यानं फोडला की बाणासारखा सरळ फुटतो, रेषा तिरकी जायचा प्रश्नच नाही. एका संध्याकाळी वीस जोड होतात. रंध्याची पण गरज नाही.

रंधेवाला
बांबूला आठ दिवसांत बुरशी येते, सिंकमध्ये पडून राहिला तर.

कळकीचं_बन
सिंकमध्ये पडून राहिलं तर तुमच्या सागवानालाही येते! बांबू आधी उकळून घ्या, उन्हात वाळवा, काही होत नाही.

रंधेवाला
उकळून वाळवायला शनिवार थांबणार आहे का?

टोचणी
दोघेही भांडा, पण ताईंनी रंग कोणता ते अजून सांगितलेलं नाही.

घाईची_बाई
फॅब्रिक कलर. घरात होते.

टोचणी
🙏

घाईची_बाई
कपड्यावर धुवून जात नाहीत म्हणून वापरले! आणि हो, धुताना रात्रभर पाण्यात राहिल्या होत्या. त्यानं काही फरक पडतो का?

रंधेवाला
(पाणी पिऊन परत आलो.) पडतो. कपड्यावर तो रंग धाग्यात शिरतो आणि वरून इस्त्रीनं पक्का करतात. लाकडावर नुसता सायीसारखा बसतो. खालचं लाकूड भिजून फुगलं की साय फाटते, वार्निशचंही तेच. मुळात तोंडाकडच्या अर्ध्या भागावर रंग नको आणि वार्निशही नको. डब्यावर बघा, 'खाद्यपदार्थांशी संपर्क नको' असं बारीक अक्षरात असेल. नक्षी वरच्या सात-आठ सेंटीमीटरवर, जिथे बोटं असतात तिथे.

पुण्यात आहात तर भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा. सागवानाची बीडिंगची चौकोनी पट्टी मागा, दहा-बारा मिलिमीटरची. एकेक पट्टी डोळ्यासमोर धरून सरळ रेषांची निवडा, दुकानदार कंटाळला तरी. घरी एका जाड फळीत इंग्रजी व्ही सारखी खोबण पाडा, एकीकडे खोल, दुसरीकडे उथळ. पट्टी त्यात बसवून वर डोकावेल तेवढं रंध्यानं काढायचं. उथळ बाजूला जास्त निघतं, निमुळतेपण आपोआप येतं. पट्टी फिरवत चारी बाजू, मग चारी कोपरे. टोकाला चार मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, मोडेल. घासताना नाकाला फडकं बांधा, सागाचा भुसा काहींना बाधतो.

आता केसाळपणा. घासून गुळगुळीत झाली की काठी गरम पाण्यात बुडवून काढा, वाळू द्या. बारीक कुसं उभी राहतील. ४०० नंबरच्या पेपरनं हलक्या हातानं काढा. पुन्हा बुडवा, पुन्हा घासा. तिसऱ्या वेळी बोटाला काही लागत नाही. हे केलं नाही तर जी कुसं पाण्यात उभी राहायची ती गिऱ्हाइकाच्या सूपमध्ये उभी राहतात.

निशीकासाईकर
लांबीचं एक सांगतो. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणा, दोन टोकांमधलं अंतर मोजा, त्याच्या दीडपट. माझं १५ येतं, म्हणजे साडेबावीस. बारा जणांना एकच माप देऊ नका. आणि टोकाला दोन-तीन बारीक खाचा फिरवा, नूडल घसरत नाही.

अवांतर: फुकुई प्रांतात ओबामा नावाचं गाव आहे, तिथलं वाकासा-नुरीचं काम बघण्यासारखं. शिंपल्याचे नाहीतर अंड्याच्या कवचाचे तुकडे बसवून वर उरुशीचे थर चढवतात आणि मग घासत घासत नक्षी वर आणतात. म्हणजे वर रंगवायचं नाहीच, आत पुरायचं आणि उकरून काढायचं.

बोटचेपा
ओबामा गाव म्हणजे त्या ओबामांचं?

निशीकासाईकर
नाही हो, नाव जुळलं इतकंच. २००८ च्या निवडणुकीत गावानं नाच केला होता.

फणसगरा
वर फक्त शेंड्याला लाख चालेल ना? सूप तिथे पोचत नाही.

रंधेवाला
चालेल. हे आधी बोलला असतात तर मी भांडलोच नसतो.

मिठाचा_खडा
तेल लावा ना! आम्ही लाटण्याला शेंगदाण्याचं लावतो.

रंधेवाला
शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, महिन्यानं खवट वास येतो. जवसाचं वाळतं, पण नीट धरायला दोन-चार आठवडे घेतं. हार्डवेअरचं 'बॉइल्ड' तर नकोच, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूचे क्षार घालतात. आणि जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात फेकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवायचे. शनिवारचं म्हणाल तर केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन, पोट साफ व्हायला देतात तेच. चोळा, तासभर ठेवा, कोरडं पुसा. धुवून जातं, परत लावायचं. बास.

घाईची_बाई
शिक्का सापडला. एमबी. सगळं बाहेर टाकलं. 😭 टिंबर मार्केटला निघालेय. नक्षी सोल्डरिंग गननं जाळून काढली तर?

टोचणी
उत्तम. न रंग, न वार्निश. पण आधी तुकड्यावर काढून बघा. गडद रेषेवर टोक अडखळतं आणि मऊ भागात खोल जातं, वारलीच्या माणसाचा पाय मोडतो.

मिठाचा_खडा
द्यायच्या कुणाला आहेत एवढ्या?

घाईची_बाई
लेकीच्या जपानीच्या वर्गातल्या मुलांना. त्यांच्या सेन्सेई, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, परत चालल्यात, एक जोड त्यांना.

निशीकासाईकर
हे आधी सांगायचं ना! मांडताना भातात उभ्या खोचू नका, ते इथे मयताच्या वेळी करतात.

घाईची_बाई (रविवार)
नऊ जोड झाले, तीन मुलांना पुढच्या आठवड्यात देईन. सेन्सेईंच्या जोडावर तारप्याचा फेर काढला, एका माणसाचा पाय मोडलाच. त्यांनी आधी टोकावरून बोट फिरवलं, मग नक्षी पाहिली. रंधेवालादादा, तिसऱ्यांदा बुडवायचा कंटाळा केला होता, त्यांच्या जोडाला मात्र केलं. आता उरलेल्या पट्ट्यांचं काय करू? उलथणं होईल का?

रंधेवाला
जाडी किती?