जुनी इकोस्पोर्ट पेट्रोल: बेल्ट की चेन? मदत हवी आहे

सातारारोड
उद्या संध्याकाळपर्यंत टोकनचं सांगायचंय, म्हणून घाईत लिहितोय. जुनी फोर्ड इकोस्पोर्ट पेट्रोल बघितली. गाडी स्वच्छ, कुठे ठोकलेली नाही, चालवून पाहिली, पिकप जबरदस्त. मेव्हणा म्हणतो याचा बेल्ट तुटतो आणि इंजिन बसतं. ओळखीचा मेस्त्री म्हणतो चेन आहे, आयुष्यभर बघायला लागत नाही. कोणाचं बरोबर? बाकी काही नको, एवढंच सांगा.

गिअरबदल
कोणतं पेट्रोल? इकोस्पोर्टमध्ये तीन पेट्रोल इंजिनं आली. २०१३ पासून १.५ चार सिलिंडरचं आणि १.० इकोबूस्ट टर्बो, २०१७ च्या फेसलिफ्टला १.५ तीन सिलिंडरचं ड्रॅगन. तिघांची उत्तरं वेगळी. साल, किलोमीटर, कितवा मालक, हे लिहा.

सातारारोड
टर्बो हो. पिकप जबरदस्त म्हटलं ना. २०१४, दुसरा मालक.

डिझेलप्रेमी
इकोस्पोर्टच घ्यायची तर १.५ डिझेल घ्या. मी सातारा-पुणे डिझेलवरच करतो, आजवर कधी पश्चात्ताप झाला नाही.

सातारारोड
डिझेल विचारलेलंच नाही. माझं रनिंग कमी आहे, गाडी बहुतेक गावातच फिरणार.

वालावलकर_इंजिन
मेव्हणा अर्धा बरोबर आहे, मेस्त्री चुकतोय. २०१४ च्या १.० इकोबूस्टला टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा आहे, आणि तो बाहेर कोरडा नसतो, तर इंजिनाच्या आत तेलात फिरतो. कव्हर सीलंट लावून बंद केलेलं असतं, वरून बघणाऱ्याला चेनचंच इंजिन वाटतं. शिवाय पुढे परदेशात फोर्डने याच इंजिनाच्या नव्या आवृत्तीत कॅमसाठी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टसाठी) चेन दिली, त्यामुळेही घोळ होतो. ऑइल पंपालाही वेगळा छोटा बेल्ट आहे, तोही तेलातच.

इंजिन म्हणून हे फार अभ्यासून केलेलं काम आहे. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, १२५ पीएस, आणि १७० एनएम टॉर्क १४०० ते ४५०० आरपीएमपर्यंत सपाट. खंबाटकी चढताना चौथ्यातून तिसऱ्यात यायची वेळ क्वचित येते ती त्यामुळेच. ब्लॉक बिडाचा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला. बॅलन्स शाफ्ट नाही, फ्लायव्हील आणि पुली मुद्दाम असमतोल ठेवून तीन सिलिंडरची थरथर मारली आहे. २०१२, १३, १४ अशी सलग तीन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' उगाच मिळालं नाही.

पण तेलातला बेल्ट म्हणजे तेल चुकलं की बेल्ट चुकला. रबर फुगतं, कडेने झिजतं, त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, तेलाचं प्रेशर पडतं, मग आधी टर्बो आणि मागोमाग बेअरिंगं जातात. बेल्ट 'तुटण्याच्या' आधीच इंजिन मरू शकतं. तुमचं रनिंग गावातलं आहे, तेही लक्षात घ्या. इंजिन पुरतं तापत नाही तेव्हा पेट्रोल तेलात उतरतं आणि रबराला तेच सोसत नाही.

गिअरबदल
आणि युरोपात कंपनीने बेल्टला १० वर्षं किंवा दीड लाख मैल अशी मुदत दिली होती. २०१४ ची गाडी वर्षांच्या हिशोबात ती ओलांडून गेली. किलोमीटर अजून सांगितले नाहीत तुम्ही!

सातारारोड
७४ हजार. म्हणजे कमीच की.

जर्मनप्रेमी
या भानगडीत पडूच नका. टीएसआय (फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल) घ्या, पोलो जीटी. १.२ लिटर, १०५ पीएस, १७५ एनएम, सुरुवातीच्या गाड्या चेनवाल्या.

वालावलकर_इंजिन
चेन म्हणजे अमर नव्हे. १.२ टीएसआयच्या पहिल्या पिढीत चेन ताणल्याच्या तक्रारी युरोपात भरपूर होत्या. फोक्सवॅगन स्वतः पुढच्या ईए२११ मालिकेत बेल्टवर आली, कोरड्या बेल्टवर.

जर्मनप्रेमी
भारतात किती गाड्यांच्या चेन गेल्या ते दाखवा, मग बोलू.

तेलवाला_कराड
तेलाचा एवढा बाऊ कशाला? मी सगळ्या गाड्यांत ५डब्ल्यू-३० सिंथेटिक टाकतो, गाड्या उत्तम चालतात.

वालावलकर_इंजिन
इतर गाड्यांत टाका. इथे ५डब्ल्यू-२०, आणि डब्यावर फोर्डचं ९४८-बी स्पेसिफिकेशन लिहिलेलं हवं. नुसत्या पातळ-जाडचा हा प्रश्न नाही, तेलातली रसायनं रबराला चालणारी हवीत.

तेलवाला_कराड
कंपन्या तेल विकायला स्पेसिफिकेशन काढतात. तीस वर्षं याच धंद्यात आहे मी.

नागपूरचा_संजू
माझ्याकडे हीच गाडी आहे, २०१३ ची, १ लाख १० हजार झालेत. बेल्ट गेल्या वर्षी बदलला. मधली काही वर्षं घराजवळच्या एका गॅरेजमध्ये २०डब्ल्यू-४० पडत होतं, ते बिलावरून कळलं. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवला तर जाळीत काळे कण, बोटाने चुरडले की पेन्सिलीच्या खोडरबरासारखे वळत होते. बेल्टच्या कडेला केसाएवढ्या भेगा. वेळेत सापडलं. आता गाडी मस्त आहे, विकायचा विचारही नाही.

अवांतर_पण
याला सीएनजी बसेल का?

गिअरबदल
नको. डायरेक्ट इंजेक्शन आहे, इंजेक्टर सिलिंडरमध्येच उघडतो आणि वाहत्या पेट्रोलमुळेच थंड राहतो. साधं किट लावलं तर तो जळेल.

डिझेलप्रेमी
आणि आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. २०१४ ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. त्याचा विचार कोणीच करत नाही.

तेलवाला_कराड
ई२० वर वेगळा धागा काढा, तिथे मीही लिहीन. ॲव्हरेज पडल्याची तक्रार माझ्याकडे रोज येते.

सातारारोड
ई२० राहू द्या हो. घ्यायची की नाही? विकणारा म्हणतो ५० हजारांपर्यंत सर्व्हिस कंपनीत, पुढे बाहेर. बेल्ट बदललेला नाही.

वालावलकर_इंजिन
मग सगळा प्रश्न त्या शेवटच्या २४ हजारांचा आहे. बाहेरच्या सर्व्हिसची बिलं मागा, त्यावर कोणतं तेल लिहिलंय ते बघा. चेंबर उतरवून जाळी बघा. स्वच्छ असेल तर गाडी घ्या, पण दोन्ही बेल्टचा खर्च किमतीतून आधी वजा करा आणि गाडी घरी न नेता थेट त्या कामाला पाठवा. जाळीत रबर निघालं तर सोडा, पिकपकडे बघू नका.

काम कोणाकडे करायचं तेही आधी ठरवा. क्रँक पुलीला चावी (तिला शाफ्टवर जागेवर धरणारी खुंटी) नाही, ती फक्त बोल्टच्या आवळणीवर टिकते. लॉकिंग टूल नसलेल्या माणसाने ती सैल केली की टायमिंग गेलं. तुमच्या मेस्त्रीने याला चेन आहे म्हटलं, म्हणजे त्याने हे इंजिन कधी उघडलेलं नाही.

गिअरबदल
बेल्ट किटही आधी हातात घ्या. फोर्डने २०२१ मध्ये इथल्या बाजारासाठीचं उत्पादन बंद केलं, सर्व्हिस चालू आहे, पण पार्ट येईपर्यंत गाडी उघडी पडून राहायला नको. आणि ऑइल पंपाचा बेल्ट विसरू नका. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये त्याच भागासाठी १.० च्या फोकस आणि इकोस्पोर्ट मिळून १.३९ लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. तिथल्या इकोस्पोर्ट चेन्नईहूनच जायच्या.

सातारारोड
विकणाऱ्याला फोन केला. बिलं शोधतो म्हणाला. चेंबर उघडायचा तर आधी टोकन द्या म्हणतोय.

नागपूरचा_संजू
द्या, पण थोडकं, आणि जाळीत रबर सापडलं तर टोकन परत, हे त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तेवढं लिहायला तयार नसेल तर दुसरी गाडी बघा दादा.