मदत हवी आहे : मासळी वाळवणाऱ्या बायकांचे गावनिहाय आकडे कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या आमच्या बचत गटांसाठी ग्रामसभेत मांडायला टिपण करतेय. मासळी वाळवायला ओटे आणि वर शेड हवी, एवढीच मागणी आहे. पण ‘किती बायका हे काम करतात?’ असं विचारतील, तेव्हा हातात आकडा हवा.

२०११ च्या जनगणनेत गावनिहाय मुख्य (वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असलेले) आणि सीमान्त (त्याहून कमी काम असलेले) कामगार मिळाले, स्त्री-पुरुष वेगळे. मात्र शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योग सोडले की बाकी सगळे ‘इतर कामगार’. म्हणजे हर्णै बंदरात मासळी विकणारी आणि शाळेतली शिक्षिका एकाच रकान्यात! ज्या रत्नागिरी जिल्ह्यात त्याच जनगणनेनुसार हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, तिथे हे फार खटकतं.

केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात प्रत्येकाच्या कामाला सांकेतिक क्रमांक देतात; त्यात घरकामासोबत लाकूडफाटा आणि चारा गोळा करणारी बाई ९३ क्रमांकात, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेरच जाते. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामाला, ते करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २९९ मिनिटं आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७, पण हे आकडे देशाचे. आमच्या ग्रामसेवकांना गावचे हवेत.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० च्या मच्छीमार गणनेत विक्री आणि वाळवण-प्रक्रिया करणाऱ्या बायकांची वेगळी नोंद आहे. महाराष्ट्राच्या खंडातले गावनिहाय तक्ते कोणाकडे आहेत का? आणि गटानेच घरोघरी नोंद करायची, तर हंगामी काम कसं विचारावं? कुणी असं केलं असेल तर प्रश्नावली पाठवा, प्लीज.