मोठ्या आलिशान ऑफ-रोडरवर एवढे पैसे घालावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज अडलं म्हणून लिहितोय. गाडी बदलायची आहे. आमची सेडान बारा वर्षांची झाली, तिच्याकडून आणखी अपेक्षा करणं पाप आहे.

वापर सांगतो. आठवड्याचे पाच दिवस घर ते ऑफिस, एका बाजूने नऊ किलोमीटर, तेही अडकत अडकत. महिन्यातून दोनदा शेतावर. त्यातले शेवटचे चार किलोमीटर कच्चे, मध्ये एक ओढा आणि ओढ्यापलीकडे चिकण मातीचा चढ. पावसाळ्यात तो चढ म्हणजे साबणाची वडी. वर्षातून एखादा लांबचा प्रवास. माणसं पाच, त्यात आईचे गुडघे दुखरे.

मला लहानपणापासून या मोठ्या गाड्यांचं वेड. रेंज रोव्हर, लँड क्रूझर, डिफेंडर, आणि ती मर्सिडीजची चौकोनी जी-क्लास. नवीन परवडणार नाही. पण जमवलेल्या पैशांत यातली एखादी पाच-सहा वर्षं वापरलेली येऊ शकते. त्याच पैशांत साधी फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी) नवीकोरी येते आणि वर काही शिल्लक उरते. बायको दुसऱ्या पक्षात आहे. मुलं अर्थातच माझ्या.

मागच्या महिन्यात मित्राची अशीच एक गाडी दोन दिवसांसाठी मिळाली (कुठली ते सांगत नाही, त्याला आवडणार नाही). आई बसायला आली तशी गाडी आपणहून चार-पाच सेंटिमीटर खाली बसली. आई म्हणाली, "अगं बाई, ही तर नमस्कार करते!" हायवेवर तर काय सांगू. मागच्या सीटवर कुजबुजलेलं पुढे ऐकू येत होतं. दोन तास चालवून उतरलो तर पाठ आहे की नाही हेही जाणवेना.

मग कच्चा रस्ता आला. पहिलीच फांदी दरवाजावरून कर्रर्र करत गेली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आरसे मिटले, काच खाली केली आणि एका हाताने फांद्या बाजूला धरत, बैलगाडीच्या वेगाने पुढे गेलो. ओढ्यापाशी उतरून काठीने पाणी मोजलं, दोन वीत. गाडीच्या पुस्तकात ९०० मिलिमीटर लिहिलं होतं. तरी माझी छाती होईना. गाडी झाडाखाली लावली, बूट हातात घेतले आणि पाण्यातून चालत शेतावर गेलो. मी ओढ्याच्या मध्यावर असताना शेजारच्या शेतातले काका त्यांची जुनी, पत्र्याला पोचे पडलेली छोटी फोर बाय फोर घेऊन मागून आले. बाजूने जाताना मान बाहेर काढून विचारलं, "बंद पडली का?"

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. सगळी ताकद गाडीत होती. नडलं ते ती माझी नव्हती आणि महाग होती म्हणून. पण माझी असती तर घातली असती का? खरं सांगायचं तर आणखीच जपली असती. मग त्या ताकदीचे पैसे मी कशासाठी मोजायचे? ज्यांनी अशा गाड्या वापरल्यात त्यांनी मोकळेपणाने सांगा. फुशारकी नको, टोमणेही नकोत.

---

धुरळा:
आधी एक सांगा, मित्राच्या गाडीला रिम किती इंचाचे होते?

धागाकर्ता:
आत्ता विचारून घेतलं. २२. टायरवर २७५/४० लिहिलंय.

धुरळा:
वाटलंच. आता हिशोब करा. २७५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि ४० म्हणजे त्या रुंदीच्या ४० टक्के साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची. म्हणजे ११० मिलिमीटर रबर. लँड क्रूझर ३०० ला १८ इंची रिमवर २६५/६५ येतो, तिथे हेच रबर १७२ भरतं. टायरचा बाहेरचा व्यास दोन्हीकडे जवळपास सारखाच. रिम वाढला की तेवढं रबर कमी होतं, दुसरं काही नाही.

कच्च्या रस्त्यावर काम हे रबर करतं. वाळूत किंवा चिखलात उतरताना आपण हवा कमी करतो, ३५ वरून १८-२० पीएसआयवर आणतो. मग टायर खाली चपटा होतो, जमिनीवरचा ठसा लांबतो, वजन पसरतं आणि गाडी रुतत नाही. ११० मिलिमीटरमध्ये चपटं व्हायला जागाच कुठे आहे? एक अणकुचीदार दगड आला की रिमच बसतो त्याच्यावर. शोरूममध्ये २२-२३ इंची चाकं बघून लोक खूश होतात, आणि नेमकी तिथेच त्या गाडीची अर्धी ऑफ-रोडर गळून पडलेली असते.

बाकी ताकद खरी आहे, त्यात खोट नाही. जी-क्लासला पुढचं, मधलं आणि मागचं अशी तीनही डिफरन्शियल (इंजिनाची फिरकी चाकांमध्ये वाटणारे गिअर) लॉक होतात. एक चाक हवेत लोंबकळलं की साधं डिफरन्शियल सगळी फिरकी त्यालाच देतं आणि गाडी जागच्या जागी. लॉक केलं की एका ॲक्सलवरची दोन्ही चाकं बांधली जातात, जमिनीवरचं चाक ओढून काढतं. नवीन डिफेंडर २०२० मध्ये आली ती लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर) नाही, ॲल्युमिनियमच्या मोनोकॉकवर, म्हणजे अंग आणि सांगाडा एकच. जुने लोक फार चिडले. पण एअर सस्पेन्शनवर (हवेने गाडी वर-खाली करणारं) ती ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते, तुम्ही वाचलेला आकडा तोच असावा.

पण वजन विसरू नका. मोठ्या आलिशान गाड्या अडीच टनांच्या आसपास असतात, २०२४ ला आलेली इलेक्ट्रिक जी-क्लास तर तीन टनांच्या वर आहे. सुझुकी जिम्नी ११००-१२०० किलो. चिकण मातीच्या चढावर ती जिम्नी चिखलाच्या वरवरून पळते, आणि अडीच टनी गाडी आपलं बूड टेकून बसते. ती रुतली की काढायला तेवढंच मोठं काहीतरी आणावं लागतं. तुमच्या शेजारच्या काकांना हे पुस्तक न वाचता कळलंय.

भटकंतीवाला:
भाड्याने घ्या हो, हौस भागेल आणि बायकोही खूश.

जुनी जखम:
मी घेतली होती, तुमच्याचसारखी, सहा वर्षं वापरलेली. तीन वर्षं ठेवली. कंपनीचं नाव काढत नाही, सगळ्यांची थोडीफार हीच कथा आहे.

पहिल्या हिवाळ्यात एके सकाळी खाली आलो तर गाडी मागच्या डाव्या बाजूला बसलेली. अक्षरशः, बसायला निघालेल्या उंटासारखी. चालू केली तर कॉम्प्रेसर घरघरला, हळूहळू उठली. म्हटलं, झालं ठीक. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात. त्या रबराला वयानुसार बारीक चिरा पडतात आणि रात्रभरात हवा निसटते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो. मी दोन महिने "उठतेय ना" म्हणत काढले, तेवढ्यात कॉम्प्रेसर जळला. एका पिशवीच्या बिलाऐवजी पिशवी आणि कॉम्प्रेसर, दोन्हींचं बिल.

सेकंडहॅंड घेणाऱ्याने एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. तुम्ही निम्म्याहून कमी पैशांत गाडी घेता, पण टायर, ब्रेक डिस्क, हेडलाइट, सेन्सर सगळं नव्या गाडीच्याच भावाने येतं. पार्किंगमध्ये कोणीतरी माझा एक हेडलाइट फोडला. त्याचा भाव ऐकून मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, जोडीचा सांगताय ना? एकाचाच होता.

आणि तुमचं ते नऊ किलोमीटर. डिझेल घेणार असाल तर नीट वाचा. डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला फिल्टर असतो. तो साफ व्हायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, म्हणजे अधूनमधून वीसेक मिनिटं सलग मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवावी लागते. अडकत अडकत नऊ किलोमीटर गेलात की इंजिन धड तापायच्या आत तुम्ही ते बंद करता. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो. मी रविवारी सकाळी उगाच हायवेवर चक्कर मारून यायचो. बायको विचारायची कुठे निघालास, आणि मी म्हणायचो, गाडीला शौचाला.

तरी खोटं बोलणार नाही. ती विकली त्या दिवशी घसा दाटला होता.

तीन पिढ्या:
सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून दुसरी बाजू. माझ्याकडे लँड क्रूझर आहे, आधी २०० होती, आता ३००. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर, त्यातले बरेच धड रस्ता नसलेल्या भागात, आणि मागे घोड्यांचा ट्रेलर. साडेतीन टन ओढायची क्षमता मला रोज लागते. दिवसभर कच्च्या रस्त्यावर चालवून संध्याकाळी माणूस म्हणून उतरायचं असेल तर ते सस्पेन्शन आणि त्या सीट म्हणजे चैन नाही. ज्याचं काम तेवढं आहे त्याचा पैसा पुरेपूर वसूल होतो.

पण धागाकर्ते, तुमचं काम तेवढं नाही. राग नसावा. नाकापेक्षा मोती जड होईल.

धागाकर्ता:
राग कसला, तेच ऐकायला आलो होतो. पण धुरळा, जिम्नी चार सीटची आहे, आम्ही पाच. आणि आईला उंच गाडीत चढवायचं कसं? तो नमस्कार मला विसरवत नाहीये.

उंबरठा:
आईंबद्दल मी सांगते, सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. सीट उभ्या माणसाच्या मांडीच्या वरच्या भागाला आली की वयस्कर माणसाला सगळ्यात सोपं. नुसतं मागे टेकायचं आणि पाय आत वळवायचे. सेडानमध्ये खाली बसायला आणि पुन्हा उठायला गुडघ्यावर जास्त भार येतो. फार उंच गाडीत चढताना तेच. मध्यम उंचीची गाडी, रुंद पायरी, आणि दाराच्या खांबावर धरायला हँडल, बस. आईंना सोबत घेऊन जा आणि शोरूममध्ये त्यांना पाच वेळा चढू-उतरू द्या. पहिल्यांदा सगळेच "जमतंय की" म्हणतात. पाचव्या वेळी चेहरा बघा.

तुम्ही रेंज रोव्हरचं वेड म्हणालात म्हणून एक. माझ्या वडिलांना या गाड्यांचा नाद, त्यांच्याकडून ऐकलंय. १९४८ ची पहिली लँड रोव्हर शेतीच्या कामासाठी केली होती, आणि युद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता म्हणून तिला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं अंग दिलं. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरला आत व्हायनलच्या सीट आणि प्लास्टिकचा डॅशबोर्ड होता, चिखल झाला की नळी लावून आतून धुवायची. आता त्याच नावाच्या गाडीत बसताना लोक चपला झटकतात.

धुरळा:
वा, हे भारी. पाच जण आणि मधली उंची असेल तर लो रेंज असलेली मध्यम आकाराची लॅडर फ्रेमवाली बघा. अट एकच, १७ किंवा १८ इंची रिम. विक्रेता मोठे रिम फुकट देतो म्हणाला तरी घेऊ नका. लो रेंजमध्ये चाकं हळू फिरतात आणि जोर वाढतो, त्यामुळे तुमच्या चढावर न घाबरता जाल. आणि पाण्यात वेग घेऊ नका, चालण्याच्या गतीने जा. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर गाडी कुठलीही असो, पाण्यात घालू नका, काठावरच थांबा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. शनिवारी आईला घेऊन दोन गाड्या बघायला जातोय, दोन्ही १८ इंची. मुलांनी अबोला धरलाय. बायकोने मात्र हा धागा पूर्ण वाचला आणि "उंबरठा" यांना नमस्कार सांगितलाय.

आता टायरचं. चिकण मातीसाठी ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांचे) पुरतील, की मड-टेरेन (खास चिखलाचे) लागतील? रोज ऑफिसलाही हेच टायर वापरायचेत. शेजारच्या काकांना विचारलं तुमच्या गाडीला कुठले आहेत. म्हणाले, "काळे."