दारू सोडल्यावरची चिडचिड म्हणजे नाटकं?

रातकिडा: कालच्या धाग्यात एकाने ठणकावून लिहिलंय, ‘दारू सोडल्यावरची चिडचिड, रडारड सगळी नाटकं. निग्रह हवा.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. वर्षानुवर्षं रोज दारू पोटात गेली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. शांत करणारे गाबा रिसेप्टर (पेशींवरचे संदेश टिपणारे भाग) मंदावतात, चेतवणारे एनएमडीए वाढतात. बाटली थांबली तरी मेंदू त्याच तयारीत बसलेला असतो. काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भास. माझे वडील तिसऱ्या रात्री चादरीवरच्या मुंग्या वेचत होते, एकेक चिमटीत धरून. एकही मुंगी नव्हती. आम्हीही तेव्हा ‘नाटकं बंद करा’ म्हणालो होतो.

माहेरवाशीण: पिताना शिव्या बायकोने खायच्या, सोडतानाही तिनेच? माझ्या बहिणीच्या अंगावर चौथ्या दिवशी जेवणाचं ताट आलं. तेही रिसेप्टरने फेकलं का?

रातकिडा: ताट माफ करा असं मी कुठे लिहिलंय? घरी सोडवू नका, दवाखान्यात न्या, एवढंच म्हणतोय.

झाडीपट्टी: उपाय एकच, दारूबंदी.

वर्धेकर: आमच्याकडे १९७४पासून आहे. संध्याकाळी माझ्या गल्लीत येऊन बघा. चंद्रपूरची २०१५ची बंदी २०२१मध्ये उठवलीच ना?

झाडीपट्टी: आणि गडचिरोलीची १९९३पासून टिकलीय, ती कुणामुळे? गावोगावच्या बायकांमुळे. तुमच्या गल्लीवरून त्यांना नावं ठेवू नका!

वर्धेकर: बायकांना कोण बोललं? हप्ते घेणाऱ्यांबद्दल बोलतोय मी.

रातकिडा: २०२०चा लॉकडाऊन आठवा. दुकानं एका रात्रीत बंद झाली आणि रोज पिणारे थरथरत, बरळत दवाखान्यात आले. बंदी करा, पण आधी खाटा आणि औषधं ठेवा.

झाडीपट्टी: खाटांचं पटलं. बंदीचं माझं मत तेच.

रात्रपाळी: व्यसनमुक्ती वॉर्डात नर्स आहे. लिब्रियम, म्हणजे थरथर आणि फिट आवरणारं औषध, डॉक्टर ठरवतील तसंच, हळूहळू कमी करत. ग्लुकोजच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१), ते चुकलं तर मेंदूला इजा होते. आणि उदासी. १९८८च्या ब्राऊन-शुकिट अभ्यासात दाखल होताना ४२ टक्क्यांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं होती, चार आठवडे न पिता गेल्यावर ६ टक्क्यांमध्ये. मरणाचं बोलला तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

माहेरवाशीण: ठीक आहे, दाखल करायला सांगते. पण ते चार आठवडे बहीण माझ्याकडे राहील. भेटायला जायचं की नाही, तिचं ती ठरवेल.