'गेट'नंतर काय येतं ते बघा
इंग्रजीतल्या 'गेट' (get) या क्रियापदाचे अर्थ बरेच, म्हणून त्यांची यादी पाठ करा, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. त्याच्यापुढे काय येतं ते बघा. नाम आलं की मिळणं किंवा आणणं, विशेषण आलं की होणं: 'गेट अँग्री' म्हणजे रागावणं. 'टू' आणि ठिकाण आलं की पोचणं. खरी गंमत पुढेच आहे. 'आय कट माय हेअर' म्हणजे कात्री स्वतःच चालवली. 'आय गॉट माय हेअर कट' म्हणजे केस कापून घेतले. 'आय गॉट हिम टू साइन' म्हणजे त्याला सही करायला लावली. आपलं 'लागणे' आठवा ना! भूक लागते, ठेच लागते, बाळ रडू लागतं, जावं लागतं. त्याची यादी आपण कुणीच पाठ केली नव्हती.