भ्रूणातच जनुक दुरुस्त करून मिळतं का?

बागाईतदार, तासगाव:
पोराला त्याच्या मामाचीच मुलगी केली. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले, थॅलेसेमियाची एचबीए२ रक्ततपासणी कुणी बघितली नाही. आता दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे त्या रक्ताच्या आजाराचे नुसते वाहक निघालेत. सुनेच्या धाकट्या भावाला दर वीस दिवसांनी मिरजेला रक्त चढवतात, तरी आमचे डोळे मिटलेलेच. सुनेला दिवस गेलेत. जनुक कापून दुरुस्त करणाऱ्या त्या क्रिस्पर तंत्रानं पोटातच दुरुस्ती होते का? एकरभर बाग काढायची तयारी आहे.

लॅबवाली, मिरज:
काका, एकरानं भागणार नाही. थॅलेसेमियासाठी २०२३ साली ब्रिटनमध्ये आणि २०२४ला अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही या क्रिस्पर उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटींच्या वर. तीही पोटातल्या बाळासाठी नाही, मंजुरी मिळाली ती बारा वर्षांपुढच्या रुग्णासाठी. त्याच्याच मूळ पेशी बाहेर काढून त्यांतल्या बीसीएल११ए जनुकाचा एक ठरावीक भाग कापतात. त्यानं जन्मानंतर बंद पडलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन परत सुरू होतं. पण त्या पेशी परत सोडण्याआधी केमो देऊन जुनी मज्जा रिकामी करतात. लेकराचे हाल होतात त्यात.

मास्तर, सातारा:
भ्रूणावर असा प्रयोग चीनमध्ये ‘हे ज्यानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञानं केला होता. एचआयव्ही होऊ नये म्हणून सीसीआर५ जनुक बदललं, २०१८ मध्ये जुळ्या मुली जन्मल्या. त्याला तीन वर्षांची कैद झाली. आपल्याकडेही आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९च्या सूचनांत याला मनाई आहे. त्या मुलींच्या नातवंडांना कोण विचारणार होतं?

बागाईतदार, तासगाव:
आलं ध्यानात. डॉगरीजच्या खुंटावर द्राक्षाचं कलम भरलं तर ते त्या वेलीपुरतं. हे म्हणजे बियाणंच बदलायचं, चुकलं तर पुढच्या सगळ्या बागा गेल्या.

लॅबवाली, मिरज:
अगदी. पण काका, सून किती आठवड्यांची? दर खेपेला बाळ मेजर, म्हणजे सुनेच्या भावासारखं रक्त चढवावं लागणारं, असण्याचा चारात एक धोका असतो. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळ मेजर आहे का ते कळतं. १९९४च्या कायद्यानं मुलगा-मुलगी सांगता येत नाही, ही तपासणी मात्र चालते. आधी दोघांच्या रक्तातला नेमका दोष शोधावा लागतो, त्यातच दिवस जातात.

बागाईतदार, तासगाव:
नववा लागलाय. सुनेला वाचून दाखवलं. म्हणाली, "मामा, तपासायला येते. पण रिपोर्ट मी उघडणार आणि पुढचंही मीच ठरवणार. माझा भाऊ जन्मायलाच नको होता असं कुणी म्हणायचं नाही." मी गप्पच बसलो. उद्या छाटणीला माणसं सांगितली होती, ती परवावर ढकललीत. पहिल्या एसटीनं निघतो.