मदत हवी आहे: मार्वे-मनोरी पुलावर सायकलसाठी जागा कशी मागायची?

नमस्कार मंडळी,

मी मालाडची. पावसाळा सोडला तर दर रविवारी आठ-दहा जणांना सायकलवरून मनोरी, गोराई, उत्तन फिरवते. मार्वे जेट्टीला सायकली बोटीत चढवल्या की थोड्याच वेळात खाडीपलीकडे. पाहुणे पुण्या-नागपूरहून येतात, आणि मुंबईतच वलांडीवर (मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडवावर) बोंबील वाळताना बघून चाट पडतात. एका काकूंनी तर सायकल आडवी टाकून कोळणीशी अर्धा तास घासाघीस केली होती.

आता तिथे खाडीवर पुलाचा प्रस्ताव आहे. माझा विरोध नाही. बोट बंद झाल्यावर रात्री पलीकडच्या गावांत कुणाच्या छातीत दुखलं तर भाईंदरवरून वळसा घालावा लागतो. माझ्या रविवारसाठी गावकऱ्यांनी तो घालत राहावा, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

भीती गाड्यांची आहे. गोराईकडचा रस्ता आत्ताच एवढा अरुंद की समोरून बस आली की आम्ही चाक कच्च्यात उतरवतो. गेल्या महिन्यात एका गाडीचा आरसा माझ्या हँडलला घासून गेला. वांद्रे-वरळी सी लिंक (२००९) आणि अटल सेतू (२०२४), दोन्हींवर ना पायी जाता येत, ना सायकलने. २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं एकवेळ समजू शकते, पण या खाडीवरही तेच?

पुलाच्या आराखड्यात पदपथ आहे का, हे कुठे कळेल? आणि पूल उतरल्यावर गावात काय मागायचं? रुंदीकरण म्हटलं तर लोकांची घरं जातील.

प्रतिसाद १
ताई, महापालिकेच्या पूल विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'पुलाची माहिती द्या' असं मोघम लिहू नका, आडव्या छेदाचं रेखाचित्रच मागा. त्यात कशाला किती रुंदी ते दिसतं. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आहे. 'मोकळी' हा शब्द सोडू नका, नाहीतर दिव्याचे खांब त्यातच उभे राहतात. सायकलची पट्टी वेगळी मागा, पदपथात ढकलू देऊ नका.

प्रतिसाद २
आम्ही मनोरीचे. रुंदीकरण नकोच. गावात ताशी ३० चा वेग, नीट बांधलेले गतिरोधक, आणि बाहेरच्या गाड्यांसाठी वाहनतळ पूल उतरल्या उतरल्या. बोटही चालू राहू दे, बाजाराच्या टोपल्या घेऊन पूल कोण चढणार? आणि हो, कडेला वाळत घातलेल्या जवळ्यावरून (बारीक मासळी) सायकल घालणारे पण रविवारीच येतात. तेवढं तुमच्या मंडळींना सांगा.

धागाकर्ती
दादा, गेल्या वर्षी जवळ्यावरून सायकल घालणारी मीच होते. बोटीचा मुद्दा सुचलाच नव्हता, मागण्यांत घालते. अर्जाचा मसुदा उद्या रात्री इथेच टाकते, दोघांनीही बघा.